१४.४० ची नोंद

॥ श्री ॥
ता. ३ जून

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून पोटात गोळा आणू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला असता, पण कान कमी झाल्यापासून मी फोनवर बोलते ते तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं, आणि हे बोलणं थोरल्याच्या कानावर जाऊन चालणार नाही. तूही पत्रच लिही. टपाल दुपारी येतं. तेव्हा थोरला आणि सून दोघेही कामावर असतात. कागद पाठकोरा आहे, मागची जाहिरात वाचत बसू नकोस.

यांना जाऊन चार महिने होतील. परवा धाकटीचं पत्र आलं. नऊ वर्षांनी. एवढ्या वर्षांत या घरात तिचा विषय निघाला नाही, म्हणून तुला लिहितानाही हात अडखळतो. माझ्या सासूबाई घरीच गेल्या तेव्हा हे परगावी होते, ते तुला ठाऊकच आहे. दवाखान्यात का नेलं नाही म्हणून यांनी धाकटीला धारेवर धरलं. नर्स असून माझ्या आईला घरात मरू दिलंस, म्हणाले. मी मेलो तरी तोंड दाखवू नकोस, म्हणाले. पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, आणि खरंच आली नाही. यांच्या शेवटच्या वेळीही नाही.

पत्रात पाच ओळी आहेत. उतरवून देते. "आई, बाबा गेल्याचं कळलं. त्यांनी सांगितलं होतं म्हणून आले नाही. गेल्या वर्षी मी त्यांना एक मेल पाठवला होता, आजीच्या शेवटच्या दिवसाबद्दल. त्यांनी तो उघडला होता का, एवढंच कळव. बाकी काही नको."

यांनी निवृत्त झाल्यावर संगणक शिकून घेतला, ते तुला माहीत आहे. रोज दहा ते अकरा त्याच्यासमोर. मी त्याला माझी सवत म्हणायचे. "तुझी सवत निदान उलटून बोलत नाही," असं उत्तर यायचं. पासवर्ड यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडला. मग मी आठवडाभर दुपारी बसले. चौदा हजारांवर मेल आहेत. यांनी जन्मात काही टाकलं नाही, आणि ती सवय मीच लावली असं म्हणत. वरून खाली बघत बघत डिसेंबरपर्यंत पोचले आणि डोळ्यांना पाणी लागलं. काही ओळी जाड अक्षरात आहेत, काही बारीक. जाड त्या महत्त्वाच्या असतील म्हणून आधी त्याच उघडल्या, तर विम्याच्या जाहिराती. धाकटीचं नाव घालून शोधलं, काही आलं नाही. तिने दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्यावरून पाठवला असणार.

तिलाच उलट विचारावं असं मनात आलं. पण मग तिला काय कळेल, की तिचं लिहिणं आजवर या घरात कोणाच्या नजरेलाही पडलं नाही. तसं नको.

तुझी आई सांगते, तू लाखभर कागदांतून हवा तो एक कागद काढून देतेस. माझं एवढं कर. त्या मेलमध्ये काय लिहिलंय, आणि यांनी तो उघडला होता का. तिने विचारलंय दुसरं, पण मला पहिलं आधी कळायला हवं. पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे, वाचून फाडून टाक.

तुझी मावशी


ता. ११ जून

ती. मावशीस सा. न.

टपालाने आलेलं पत्र बघून शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "कोर्टाची नोटीस काय गं?" मी म्हटलं, त्याहून मोठ्या ठिकाणची आहे. चिठ्ठी फाडली.

काल संध्याकाळी काकांच्या मेलपेटीत शिरले. चौदा हजार दोनशे अकरा मेल. एकेक वाचायला बसले तर तुझ्या वयाची होईन. म्हणून छोटा प्रोग्राम लिहिला. सगळं आपणच लिहावं लागत नाही, लोकांनी आधी करून ठेवलेलं तयार सामान मिळतं, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. पुस्तकांशी काही संबंध नाही. एक लायब्ररी पेटीतून एकेक मेल बाहेर काढते, दुसरी त्याच्या मजकुरात नमुना शोधते. नमुना म्हणजे नेमका शब्दच पाहिजे असं नाही. "चार आकडे, मग आडवी रेघ, मग कुठलाही शब्द" असंही सांगता येतं. तू शिवणाच्या डब्यात न बघता हात घालतेस आणि चार भोकांचं बटण काढतेस. रंग माहीत नसतो, भोकं माहीत असतात. तसंच हे. काय लिहिलंय ते ठाऊक नसलं तरी चालतं, कसं लिहिलंय ते ठाऊक असलं की झालं.

तरी मी आळशीपणा करून आधी शब्दच घातले आणि फसले. "बाबा" शोधलं तर दोन हजार तीनशे मेल. काकांच्या मित्रमंडळींत जो तो कुठल्या ना कुठल्या बाबांची वचनं सगळ्यांना पाठवत असतो. "आजी" शोधलं तर खोकल्यावरची औषधं.

म्हणून तुला विचारते, धाकटी लिहायची कशी? तिची एखादी सवय, एखादी खोड. माझ्या आठवणीतली धाकटी चिठ्ठ्याबिठ्ठ्या लिहीत नाही, जिन्यातून ओरडून सांगते. त्याचा नमुना करता येत नाही.

जाड अक्षरं वाचून हसू आलं. डोळ्यांना ताण देऊ नकोस, आता तू त्या सवतीसमोर बसूही नकोस.

तुझी ढब्बू
(वजन उतरलं, नाव काही उतरत नाही)


॥ श्री ॥
ता. १७ जून

चि. ढब्बूस आशीर्वाद.

तिची सवय विचारलीस आणि मी ओट्याशी उभी राहून हसले. नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं तेव्हापासून ती पोरगी घड्याळाने लिहायला लागली. मी बाहेर गेलेली असले की टेबलावर चिठ्ठी असायची. "१०.३० दूध तापवलं. १२.१५ गॅसवाला येऊन गेला. १७.०० ला परत येते." संध्याकाळच्या पाचाला सतरा म्हणायची. हे म्हणत, "आपल्या घरात रेल्वे सुरू झाली." आजीचं ब्लडप्रेशर दिवसातून दोनदा बघायची आणि कॅलेंडरच्या मागे लिहायची, वेळ आणि पुढे ते दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ. कॅलेंडर बदललं की जुनं टाकू द्यायची नाही. ते मात्र माझ्यावर गेलेलं.

सासूबाईंच्या शेवटच्या दिवशीही तिने वहीत असंच लिहिलं होतं. संध्याकाळी हे आले तेव्हा तिने वही पुढे केली. यांनी ती न वाचता फाडली. पण तिच्या डोक्यातलं कोण फाडणार? मेलमध्ये तिने तोच दिवस पुन्हा लिहून पाठवला असेल, असं मला राहून राहून वाटतं.

मजकूर सापडला की आधी मला पाठव. थोरल्याला त्यातलं अक्षर कळायला नको, बहिणीवर त्याचा राग बापाइतकाच आहे. आणि तूही फार खोलात वाचत बसू नकोस. प्रत्येक घरात काही गोष्टी असतात.

तुझी मावशी


ता. २८ जून

ती. मावशीस सा. न.

सापडला. छापून सोबत पाठवला आहे, पण आधी कसा सापडला ते सांगते.

नमुना असा केला: दोन आकडे, मध्ये टिंब, परत दोन आकडे, मग त्याच ओळीत पुढे कुठेतरी दोन-तीन आकडे, तिरकी रेघ, दोन आकडे. आकडे मराठी असोत की इंग्रजी, दोन्ही घे म्हटलं. पहिल्या फेरीत नऊशेच्या वर आले. वेळापत्रकं, सभेच्या सूचना, कोणाकोणाच्या पावत्या. मग अट घातली की एकाच मेलमध्ये अशा निदान तीन ओळी हव्यात. अकरा उरले. त्यातले दहा काकांच्या एका मित्राचे. तो गृहस्थ आपलं ब्लडप्रेशर आठवडाभराचं लिहून सगळ्या मित्रांना कळवत असे. अकरावा धाकटीचा.

मेल गेल्या वर्षीच्या १९ ऑगस्टचा आहे. तिच्या दवाखान्यातल्या वॉर्डाच्या पत्त्यावरून आलेला, वर विषय "माहितीसाठी". एखाद्या परिपत्रकासारखा. असा आहे:

"बाबा,
वही तुम्ही फाडलीत म्हणून परत लिहिते. वेळा बरोबर आहेत, मी दुसरीकडे उतरवून ठेवल्या होत्या.
०९.१५ १००/६०, नाडी ९६. बोलली. तुम्ही कधी येणार विचारलं.
१२.३० ८४/५०, नाडी ११२. पाणी दोन चमचे.
१४.२० ७०/४०. श्वासाला त्रास.
१४.४० दवाखान्यात न्यायचं नाही असं मी ठरवलं. आई पूजेला बसली होती, तिला विचारलं नाही.
१५.१० ६०/३०. डोळे उघडले. तुम्ही आलात का विचारलं. वाटेत आहेत म्हणून सांगितलं.
१६.०५ गेली. हात माझ्या हातात होता.
नेलं असतं तर आजी जिन्यातच गेली असती, अनोळखी माणसांच्या हातांवर. मी असे पुष्कळ पाहिले आहेत. पटावं म्हणून लिहीत नाही. कळावं म्हणून लिहिते."

खाली नावही नाही.

मावशी, तू खोलात वाचू नकोस म्हणालीस, पण मी वाचलं. त्या पोरीने एवढा मोठा निर्णय एकटीने घेतला आणि तुला त्यातून बाहेर ठेवलं, पूजेवरून उठवलंसुद्धा नाही. तिच्या धाडसाचं नवल वाटतं.

काकांनी उघडला होता का, ते अजून नीट सांगता येत नाही. बघून लिहिते. त्यांनी तिला उत्तर पाठवलेलं नाही, अर्धवट लिहून ठेवलेलंही काही नाही. एक गोष्ट दिसली. काका रोज कोणाला ना कोणाला काहीतरी पाठवत, पण १९ ऑगस्टपासून दहा दिवस त्यांचा एकही मेल गेलेला नाही. यावरून तुला काही आठवतं का?

तुझी ढब्बू


॥ श्री ॥
ता. ५ जुलै

चि. ढब्बूस आशीर्वाद.

पाकीट मिळालं. वाचलं.

१८ ऑगस्टला यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, मग काळा चष्मा, दहा दिवस पडद्यासमोर बसायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. त्यामुळे कोणाला काही पाठवलं नाही. त्यातून काही निघत नाही. अकराव्या दिवशी बसले तेव्हा दीडदोनशे मेल तुंबले असतील. त्यातले सगळे उघडले की वरवर बघून सोडले, मला माहीत नाही. त्या दिवसांत हे गप्प असत, पण डोळा दुखत असला तरी माणूस गप्प असतोच.

"बघून लिहिते" म्हणालीस, त्याला आठवडा झाला. लहानपणी तुझ्या हातून काही फुटलं की तू असंच "बघते" म्हणायचीस आणि पलंगाखाली शिरायचीस. काय असेल ते लिही.

तुझी मावशी


ता. १४ जुलै

ती. मावशीस सा. न.

फुटलंच आहे.

न उघडलेला मेल पेटीत जाड अक्षरात दिसतो. उघडला की अक्षर बारीक होतं. तू पाहिलेल्या जाड ओळी म्हणजे काकांनी न उघडलेले मेल. आता नमुना शोधायचा तर प्रोग्रामला प्रत्येक मेल उघडावा लागतो, आणि उघडला की पेटी त्यावर "वाचला" अशी खूण करते. माणसाने उघडला की यंत्राने, पेटीला त्याचं सोयरसुतक नाही. चौदा हजार दोनशे अकरा मेल आज सगळेच्या सगळे बारीक अक्षरात आहेत. धाकटीचा आधी जाड होता की बारीक, ते आता कळत नाही.

पेटी नुसती बघायला उघडायची, खुणांना हात लावायचा नाही, अशी सोय त्या लायब्ररीत असते. एक शब्द जादा लिहावा लागतो. कामावर मी तो कधी विसरत नाही, विसरले तर आमची वरची बाई मला उभी सोलेल. शिवाय आधी सगळ्याची प्रत काढून ठेवतो, मगच हात लावतो. हे घरचं काम म्हणून मी चहाचा कप घेऊन बसले आणि पेटी सरळ उघडली. पहिल्याच संध्याकाळी, "बाबा" शोधताना हे झालं. तुला बटणांच्या गोष्टी लिहीत होते तेव्हा झालेलं होतं. जाड ओळींचं तू स्वतः लिहिलं होतंस. मी वाचून हसले आणि पुढे गेले.

मेलच्या कंपनीला दोनदा लिहिलं. जुन्या खुणा आम्ही ठेवत नाही, असं उत्तर आलं. ते येईपर्यंत तुला कळवायचं टाळलं, हेही खरं.

तेव्हा धाकटीने जे एकच विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्या हातून पुसलं गेलं. तू तिला "हो, उघडला होता" असं लिहिलंस तर ते खोडून काढणारं कोणी नाही. "नाही" लिहिलंस तरी नाही. तिला कशाने बरं वाटेल ते तू ठरव. मला हवं तेवढं रागव, मी ऐकून घेईन.

तुझी ढब्बू


॥ श्री ॥
ता. २१ जुलै

चि. ढब्बूस आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. मग म्हटलं, जिची एक संध्याकाळ चुकली तिला मी काय बोलणार. तू खरं लिहिलंस, आता मला लिहायला हवं. आज देवाजवळ न बसता जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे.

मी पूजेला बसले नव्हते.

मी सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभी होते. धाकटी ब्लडप्रेशर बघून उठली आणि म्हणाली, "आई, रुग्णवाहिका बोलावते." तिने नंबर लावला होता, पलीकडून कोणीतरी बोलायलाही लागलं होतं. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. म्हटलं, "पुरे आता. चार वर्षं मी सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं. आता त्यांनाही सुटू दे." ढब्बू, मी "त्यांनाही" म्हणाले. ते माझ्या तोंडून गेलं आणि आम्ही दोघींनी ऐकलं. त्या माउलीची दया आली होती की माझी मलाच आली होती, ते मला त्या दिवशीही सांगता आलं नसतं. धाकटीने माझ्याकडे बघितलं, परत खोलीत गेली आणि आजीचा हात धरून बसली. तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिने वेळ बरोबर लिहिली आहे.

संध्याकाळी हे आले. पायातल्या वहाणा न काढता विचारलं, "कोणी ठरवलं?" मी तोंड उघडलं होतं, देव साक्षी आहे. पण आवाज निघायच्या आत धाकटी म्हणाली, "मी." नंतर स्वयंपाकघरात मला हळू म्हणाली, "मला नोकरी आहे, खोली मिळेल. तुला इथंच राहायचं आहे. महिन्याभरात बाबा निवळतील." मी मान हलवली. महिना गेला, वर्ष गेलं. दर वर्षी सांगणं आणखी जड होत गेलं. यांच्यासमोर तिची बाजू मी एकदाही घेतली नाही. घेतली असती तर यांनी विचारलं असतं, तुला काय माहीत?

तुझं पाकीट आलं तेव्हा मी वरचं काही वाचलं नाही, आधी १४.४० शोधलं. तिने माझं नाव लिहिलं असेल, यांनी ते वाचलं असेल, आणि मला चकार शब्द न बोलता सहा महिने माझ्या हातचं जेवून डोळे मिटले असतील, ही धास्ती मला पहिल्या पत्रापासून होती. तुला ती दिसली नाही, कारण मी दिसू दिली नाही. नाव नव्हतं. वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या वाटण्याची लाज वाटली. जी रुग्णवाहिका बोलावत होती, तीच बापाला समजावते आहे की न नेणं कसं बरोबर होतं. बापाला शेवटचं लिहितानाही तिने मला उचलून देवासमोर बसवलं. रोज तिथे बसते गं मी. तेव्हापासून बसवत नाही, दिवा लावते आणि उठते.

"हो" लिही म्हणतेस. तर तिला वाटेल, बापाने वाचलं आणि एक ओळ उलट लिहिली नाही. "नाही" लिहिलं तर तिने जपून ठेवून परत लिहिलेलं फुकट गेलं. आणि काहीही लिहिलं तरी खाली माझं खोटं आहे तिथेच राहतं.

हे पत्र ठेव किंवा जाळ, तुझी मर्जी.

तुझी मावशी


ता. २८ जुलै

ती. मावशीस सा. न.

तिच्या धाडसाबद्दल मी तुला जे लिहिलं, ते वाचताना तुला काय झालं असेल, याचाच विचार करते आहे. पत्र जाळणार नाही.

तू थोरल्या दादाला सांगणार आहेस असं मला वाटतं. तसं असेल तर घाई करू नकोस. पुढच्या महिन्यात मला चार दिवस रजा मिळेल, मी येते. त्याच्यासमोर तू एकटी नको. त्याचा आवाज चढला की तुला ऐकूही येत नाही आणि तू गडबडतेस.

तुझी ढब्बू


॥ श्री ॥
ता. ८ ऑगस्ट

चि. ढब्बूस आशीर्वाद.

तू येईपर्यंत थांबले असते तर आणखी कशाकशासाठी थांबले असते. नऊ वर्षं मी तशीच काढली.

धाकटीला लिहिलं ते असं: "तुझा मेल सापडला. बाबांनी तो उघडला होता की नाही, हे कळायचा मार्ग उरलेला नाही. कोणाला दोष देऊ नकोस. मी तो वाचला. त्यातली १४.४० ची ओळ खोटी आहे. ती अशी पाहिजे: धाकटीने रुग्णवाहिका बोलावली, आईने फोन काढून घेतला आणि नको म्हटलं." खाली पूर्ण सही केली, बँकेत करते तशी. क्षमा माग असं मन म्हणत होतं, पण मागितली तर तिला ती द्यावी लागेल, आणि तिने आधीच पुष्कळ दिलंय. म्हणून मागितली नाही.

पाकीट बंद करायच्या आधी थोरल्याला कागद दिला. रविवार होता. तो आरशासमोर दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण. तसाच उभ्याने वाचला. मग खुर्चीत बसून परत वाचला. सून आतून आली, "काय झालं?" म्हणाली. त्याने तिला हातानेच थांबवलं.

मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. माझ्या जवळ आला, मला ऐकू जावं म्हणून, आणि विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी सांगितलं नव्हतं. आणि धाकटीनेही नाही."

"रोज त्यांच्या शेजारी बसून चहा पीत होतीस तू."

"हो."

"आणि मी तिचे फोन कापत होतो. पहिली दोन वर्षं दर महिन्याला यायचे. तू समोर असायचीस."

हे मला माहीत नव्हतं रे, असं म्हणायला गेले, पण ते खरं नाही. फोन वाजायचा, तो नंबर बघायचा आणि बंद करायचा. मी भाजी निवडत असायचे. कोणाचा होता, असं मी एकदाही विचारलं नाही.

त्याने पाकिटावरचा तिचा पत्ता एका कागदावर उतरवून घेतला आणि तो खिशात घातला. तोंड धुतलं, अर्धी दाढी तशीच ठेवून पत्र टाकायला स्वतः गेला. त्याला सहा दिवस झाले. वेळेवर जेवतो, औषधं आणून देतो, ताट उचलून ठेवतो. माझ्याशी बोलत नाही. बहिणीला त्याने लिहिलं की नाही, मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारणार नाही. धाकटीचंही काही आलेलं नाही. येईलच असं नाही.

तू रजा काढून यायचं म्हणतेस, ये. मला बरं वाटेल. पण दादाला बाजूला घेऊन मावशीचं वय बघ, तिची बाजू समजून घे, असं काही सांगू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. बापाचा राग धाकटीने नऊ वर्षं सोसला, तो माझ्या वाटणीचा होता. मुलाचा तरी मला सोसू दे.

तुझी मावशी